अंधार नीट दिसतोय का, आधी ते बघा

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की थंडीत दुलई घेऊन घरी बघायला दिग्दर्शक बिली वायल्डरचा १९४४ चा 'डबल इन्डेम्निटी' भारी आहे. त्यावर एवढे मेसेज आले की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवावे लागले, आणि त्यात कौतुक कमी, तक्रारीच जास्त! म्हणून यावेळी सगळं पान याच पिक्चरचं. एक आधीच सांगतो, खाली गोष्ट फुटणार आहे, ज्यांना चालत नसेल त्यांनी पिक्चर बघून मग वाचा.

प्रश्न : दादा, तुमचं ऐकलं आणि फसलो. मेहुणा अमेरिकेहून आला त्याने ब्ल्यू-रे आणली, प्लेअरसकट. शनिवारी जेवणं झाल्यावर ५५ इंची टीव्हीवर सगळे बसलो. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या, म्हणून पोराने रिमोटने ताणून फुल स्क्रीन केला. तरी निम्म्या वेळा माणसांची तोंडंच दिसेनात म्हणून ब्राइटनेस वाढवला. मग सगळं टीव्ही सिरियलसारखं गुळगुळीत दिसायला लागलं. बायको वीस मिनिटांत झोपली. आणि हिरो सुरुवातीलाच सांगून टाकतो की खून मी केलाय, मग दोन तास बघायचं काय?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : काका, यात पिक्चरची चूक नाही आणि वहिनींची तर मुळीच नाही, सगळा घोळ तुमच्या रिमोटने केलाय.

पट्ट्यांचं आधी. तो पिक्चर जवळजवळ चौकोनीच आहे, १.३७ ला १ हे त्याचं माप, त्या काळी सगळेच तसे असायचे, आणि आपला टीव्ही १६ ला ९. म्हणजे बाजूला जागा उरणारच, पिक्चर कुणी कापलेला नाहीये. ताणलात की हिरॉइन बार्बरा स्टॅनविकच्या चेहऱ्याची भाकरी होते आणि एडवर्ड जी. रॉबिन्सन आधीच बुटका, तो पार पाटा दिसायला लागतो. पोराला सांगा, पट्ट्या असू देत, दहा मिनिटांनी दिसेनाशा होतात.

गुळगुळीतपणाचं कारण वेगळं. फिल्म सेकंदाला २४ चित्रांची, आणि नवे टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करून घुसडतात, म्हणजे क्रिकेट स्मूथ दिसावं म्हणून, पण सिनेमाची त्याने वाट लागते. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, मेनूत 'मोशन' असं काहीतरी लिहिलेलं असेल, ते बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर डोळे झाकून तोच लावा, नसेल तर सिनेमा मोड. शार्पनेस जवळपास शून्यावर. नॉइज रिडक्शन पण बंद, कारण तो जो बारीक रवा हलताना दिसतो ना, ती घाण नाहीये, ती फिल्म आहे, तो पुसलात की माणसं मेणाची होतात.

आता खरं दुखणं, ब्राइटनेस. हे बटण नावाप्रमाणे उजेड वाढवत नाही हो, बहुतेक टीव्हींमध्ये ते काळ्याचं राखाडी करतं. उजेड पाहिजे असेल तर बॅकलाइट वेगळा असतो. तुम्ही काय केलंत, जिथे काही दिसूच नये म्हणून कॅमेरामनने जीव काढला तिथे राख फासलीत. परत लावा आणि फक्त टायटल्स बघा. कुबड्या घेतलेला हॅटवाला माणूस समोरून चालत येतो, नुसती आकृती, ती मोठी मोठी होत पडदा भरून टाकते. ती आकृती कोळशासारखी दिसली पाहिजे आणि मागची राखाडी जागा मात्र जिवंत, रवाळ. ती जर धुरकट दिसत असेल तर ब्राइटनेस एकेक घर खाली आणत जा. यापेक्षा चांगली टेस्ट मला माहीत नाही आणि ती पिक्चरमध्येच फुकट दिलेली आहे. हॉलमधली ट्यूब बंद, देवघरातला दिवा चालेल. टीव्हीच्या मागे एक मिणमिणता बल्ब लावलात तर डोळ्यांना बरं.

राहिलं ते, "बघायचं काय". वॉल्टर नेफ हा विमा एजंट रात्री ऑफिसात येतो, खांद्यात गोळी आहे, आणि डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या मशीनवर, बोलायला लागतो, की खून मी केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी, पैसे मिळाले नाहीत आणि बाईपण नाही. झालं, रहस्य संपलं. पण म्हणूनच आपण 'कोणी' सोडून 'कसं' बघायला लागतो. कीर्तनाला बसलेल्यांना रावण मरणार हे माहीत नसतं का? तरी बसतात. मला विचाराल तर सगळा पिक्चर एका जागी आहे : नवऱ्याचं प्रेत रुळावर टाकून नेफ आणि ती बाई, फिलिस, गाडीत बसतात आणि गाडी स्टार्टच होत नाही. ती चावी फिरवतेय, इंजिन नुसतं खाकरतंय. थंडीत सकाळी स्कूटरला किक मारणाऱ्या माणसाला ही तडफड वेगळी सांगायला नको. आणि त्या पाच-दहा सेकंदांत तुम्ही मनातून म्हणत असता, अरे हो ना बाबा चालू! कोणासाठी? ज्यांनी आत्ता एका पाय मोडलेल्या माणसाचा गळा आवळला त्यांच्यासाठी. आपण नकळत त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसलेलो असतो, वायल्डरने कधी बसवलं ते कळत नाही. सेटिंग नीट करून परत बघा, १०७ मिनिटांचाच आहे. आणि वहिनींना रात्री साडेदहाला नका बसवू, दिवसभर राबलेलं माणूस झोपणारच.

प्रश्न : मी बावीस वर्षं विम्याची कामं करतोय. पिक्चरचं नाव बघूनच लावला. पण एजंटने नवऱ्याला न सांगता पॉलिसी काढली आणि कंपनीने लगेच पैसे दिले असं कधी होतं का? पटलं नाही.
— एक विमा एजंट, पंचवटी

उत्तर : साहेब, कंपनी देतच नाही ना! तुम्ही अर्ध्यात उठलात वाटतं.

'डबल इन्डेम्निटी' म्हणजे तुमच्या भाषेत डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट, अपघाती मृत्यू झाला तर दुप्पट रक्कम. पिक्चरमध्ये पॉलिसी ५० हजार डॉलरची, आणि रेल्वेत मेला तर एक लाख, म्हणून तर एवढा ट्रेनचा खटाटोप. नवऱ्याची सही कशी घेतात बघितलंत ना, गाडीच्या विम्याचं रिन्यूअल म्हणून कागद पुढे करतात आणि खालचा कागद अपघात विम्याचा. "इथे एक सही, इथे एक" हे वाक्य तुम्ही आयुष्यात किती वेळा म्हणालात ते मी विचारत नाही.

पण तुमच्यासारख्या माणसाने हा पिक्चर कीजसाठी बघावा. बार्टन कीज, क्लेम डिपार्टमेंटचा मुख्य, म्हणजे रॉबिन्सन. क्लेम खोटा असला की याच्या पोटात दुखतं, तो म्हणतो माझ्या आत एक छोटा माणूस बसलाय तो मला जेवू देत नाही. कंपनीचा मोठा साहेब ही आत्महत्या म्हणून क्लेम झटकायला बघतो, तेव्हा कीज आत्महत्यांचे तक्ते अक्षरशः तोंडपाठ म्हणून दाखवतो, विष घेऊन किती, उडी मारून किती, विषाचे परत प्रकार वेगळे, आणि शेवटी विचारतो की एवढ्या हळू चाललेल्या गाडीच्या मागच्या डब्यातून उडी मारून कोणी मेल्याची एकतरी केस दाखवा. मंत्रपुष्पांजली म्हणावी तसा तो एका दमात म्हणतो, मी तेवढा तुकडा चार वेळा मागे घेऊन बघितलाय. आणि त्याला खरा संशय कुठे येतो? नवऱ्याचा पाय मोडला होता, पॉलिसी हातात होती, तरी त्याने पायाचा क्लेम टाकलाच नाही. का नाही टाकला? कारण पॉलिसी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. बंदूक नाही, बोटांचे ठसे नाहीत, एक न भरलेला फॉर्म! विम्याच्या धंद्यातल्या माणसाला याच्यासारखा डिटेक्टिव्ह दुसरा मिळणार नाही.

आणि पटण्याचं म्हणाल तर हे घडलेलं आहे. १९२७ मध्ये न्यूयॉर्कला रूथ स्नायडर नावाच्या बाईने जड ग्रे नावाच्या फिरत्या सेल्समनबरोबर नवऱ्याला मारलं, त्याच्या नावावर आधी विमा काढून ठेवला होता, त्यातही अपघाताला दुप्पट. दोघांनाही जानेवारी १९२८ मध्ये इलेक्ट्रिक चेअरवर बसवलं. तेव्हा जेम्स केन न्यूयॉर्कलाच पत्रकार होता, त्याने पुढे याच धाग्यावरून कादंबरी लिहिली, ती १९३६ मध्ये साप्ताहिकात क्रमशः आली, आणि तिच्यावरून हा पिक्चर.

प्रश्न : नॉयरवरचा, म्हणजे असल्या जुन्या सावल्यांच्या गुन्हेगारी पिक्चरवरचा, प्रत्येक व्हिडिओ सांगतो की खिडकीच्या पट्ट्यांची सावली म्हणजे तुरुंगाचे गज. खरंच तसं असतं की लोक उगाच अर्थ काढतात? आणि नॉयर हे नाव कोणी दिलं?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : गज तर आहेतच रे मित्रा, पण ते ओळखून थांबलास तर तू परीक्षेचं उत्तर लिहिलंस, पिक्चर नाही बघितलास.

तू जुन्या नाशकातल्या वाड्यात कधी दुपारी गेलायस का? सराफ बाजाराच्या मागे अजून काही उभे आहेत. बाहेर रणरणतं ऊन आणि आत माजघरात गार अंधार, आणि कुठल्यातरी फटीतून एक कवडसा जमिनीपर्यंत येतो. त्या कवडशात धूळ नाचते, म्हणून तो दिसतो. धूळ नसेल तर नुसता जमिनीवरचा डाग दिसेल, मधली तिरीप दिसणार नाही. जॉन साइट्झ या कॅमेरामनने हेच पकडलं. फिलिसच्या घरात नेफ पहिल्यांदा शिरतो तो हॉल बघ, पट्ट्यांच्या पडद्यातून ऊन येतंय आणि हवा जड आहे, शिळी आहे, त्या घरात कोणी महिनोन्‌महिने खिडकी उघडली नसेल असं वाटतं. त्यासाठी शॉटच्या आधी अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड हवेत उडवायचे. बाहेर कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन आणि आत हे. गज हा विचार आहे, आपण नंतर करतो. धूळ आधी नाकात जाते.

आणि हे दिसायला वर इंदिरानगरच्या काकांना सांगितलेल्या सगळ्या सेटिंग्ज लागतात बरं का, नॉइज रिडक्शन चालू असेल तर टीव्ही साइट्झची धूळ झाडून टाकतो, मोबाइलवर तर विसरच.

नावाचं म्हणशील तर वायल्डरला ठाऊकही नव्हतं की आपण नॉयर बनवतोय. महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकन पिक्चर बंद होते, युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते पॅरिसला गठ्ठ्याने पोचले, हा पण त्यातच, आणि निनो फ्रँक या समीक्षकाने ते लागोपाठ बघून 'फिल्म न्वार' म्हटलं, म्हणजे काळा सिनेमा. उच्चार न्वारच्या जवळचा आहे, आपण नॉयर म्हणतो, चालतंय.

तुला आपल्याकडचा कवडसा बघायचा असेल तर १९५९ चा 'कागज के फूल' काढ. व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी स्टुडिओत आणून तो झोत पाडला होता. (तो सिनेमास्कोप आहे, तिथे पट्ट्या वर-खाली येतील, त्या पण ताणायच्या नाहीत.) त्याआधी गुरुदत्तचा १९५१ चा 'बाजी' बघ, मग राज खोसलाचा १९५६ चा 'सीआयडी'. हॅट, सिगारेट, जिने, सावल्या सगळं आहे, फक्त आपल्याकडे मध्ये गाणी येतात आणि शेवटी हिरो सुटतो.

अजून एक, याचा प्रश्नाशी संबंध नाही पण राहवत नाही म्हणून लिहितो. आपले दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, इथेच नाशकात १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले. त्याच वर्षी तिकडे हा पिक्चर लागला. पांडवलेणीखालच्या फाळके स्मारकात आपण लहानपणी फक्त सहलीचा डबा खायला गेलो.

प्रश्न : हिरॉइनचा तो पिवळा विग किती खोटा आहे! एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही? आणि खून दाखवलाच नाही, म्हणजे बजेट नव्हतं का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ताई, लक्षात आलं होतं. स्टुडिओचा एक बडा साहेब शूटिंग बघून म्हणाला होता की आपण पैसे बार्बरा स्टॅनविकचे दिले आणि हा तर जॉर्ज वॉशिंग्टन आला. पण तोवर बरंच शूट झालं होतं. वायल्डर नंतर सांगायचा की ती बाई खोटी दिसावी म्हणूनच तो विग, आता हे आधी सुचलेलं की नंतर, देव जाणे. मला तरी तो विग शोभतो. फिलिसचं सगळंच वरून घातलेलं आहे, पायातली साखळी, गोड आवाज, दुःख.

खुनाचं मात्र बजेटशी काही देणंघेणं नाही. तेव्हा अमेरिकेत सिनेमासाठी कडक नियमावली होती, १९३५ च्या सुमारास ही गोष्ट पहिल्यांदा स्टुडिओंकडे गेली तेव्हा सेन्सॉरवाल्या जोसेफ ब्रीनने असली गोष्ट नकोच म्हणून कळवलं, आणि पुढे सात-आठ वर्षं कोणी हात लावला नाही. मग वायल्डरने काय केलं, गाडीत मागे लपलेला नेफ नवऱ्याचा गळा आवळतोय आणि कॅमेरा फक्त गाडी चालवणाऱ्या बायकोच्या तोंडावर. ती समोर रस्त्याकडे बघतेय. काही हलत नाही चेहऱ्यावर, म्हणजे हलतं पण फार थोडं, समाधान म्हणावं असं काहीतरी. दाखवला असता तर आपण खून बघितला असता, आता आपण तिला बघतो. स्टॅनविकला या कामाचं ऑस्कर नामांकन होतं, पिक्चरला एकूण ७ होती, मिळालं एकही नाही.

त्यांचं ते पहिल्या भेटीतलं बोलणं परत ऐका, तो लाडीगोडी करतोय आणि ती त्याला स्पीड लिमिट सांगतेय, तो म्हणतो मग पावती फाडा. द्वारका सर्कलला पोलिसाने अडवल्यावर चालतं तेच संभाषण, पण त्यावर सेन्सॉर काय बोलणार! हे संवाद वायल्डर आणि रहस्यकथा लिहिणारा रेमंड चँडलर दोघांनी मिळून लिहिले आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. इंग्लिश सबटायटल्स लावा, लाजायचं काही नाही, ते फार भराभर बोलतात.

प्रश्न : तुम्ही म्हणता दोनदा बघा. दुसऱ्यांदा काय बघू?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : आधी पॉजचं बटण हाताशी ठेवा, थिएटरवाल्यांना हे सुख नव्हतं. साधारण सोळाव्या मिनिटाला नेफ कीजच्या ऑफिसमधून बाहेर पडतो तेव्हा बाहेर खुर्चीत एक चष्मेवाले गृहस्थ वाचत बसलेत, ते स्वतः चँडलर. पासष्टेक वर्षं हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, २००९ च्या सुमारास बोभाटा झाला.

मग नेफच्या फ्लॅटचं दार बघा. ते बाहेरच्या बाजूला, पॅसेजमध्ये उघडतं. फ्लॅटचं दार असं कुठे उघडतं का? आपलंही आतच उघडतं. पण फिलिसला त्या दाराआड लपवायचं होतं आणि कीज समोर पॅसेजमध्ये उभा, मग सुताराने वायल्डरचं ऐकलं. पहिल्यांदा बघताना कोणाला शंका येत नाही एवढा तो सीन घट्ट आहे. नेफ बिनलग्नाचा, पण ते काम करणाऱ्या फ्रेड मॅकमरेच्या बोटात लग्नाची अंगठी तशीच राहिलीय, ती मात्र निव्वळ चूक.

आणि काड्या मोजा. कीजला सिगार ओढायचा असतो, खिशात काडी कधीच नसते, दरवेळी नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून पेटवून देतो. हे इतक्या वेळा होतं की आपण बघेनासे होतो. शेवटी नेफ दारात पडलाय, सिगारेट तोंडात, हात चालत नाही, आणि काडी कीज ओढतो. वायल्डरने याच्या पुढे गॅस चेंबरमधल्या मृत्युदंडाचा मोठा सीन शूट केला होता, तो त्याने काढूनच टाकला. त्या काडीनंतर कोण बघणार होतं तो?

प्रश्न : अमेरिकेतून मागवलेली डिस्क माझ्या प्लेअरवर 'रीजन' म्हणून अडकते. पैसे गेले का? शिवाय सेकंडहँड आहे, ओरखडेही आहेत.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : रीजन म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचं कुलूप. ब्ल्यू-रेमध्ये अमेरिका ए रीजन, आपण सी. डीव्हीडीत अमेरिका १ आणि आपण ५. सगळ्याच डिस्क कुलूपबंद नसतात, पण तुमची दिसतेय. ४के डिस्कना मात्र रीजन नसतो, क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०२२ मध्ये काढलेल्या पाकिटातली ४के डिस्क इथल्या ४के प्लेअरवर चालेल, सोबतची साधी ब्ल्यू-रे अडकेल. घेण्याआधी पाकिटाच्या मागचं अक्षर बघायचं. काही प्लेअर सगळे रीजन वाचणारे मिळतात, ओळखीत कोणाकडे असेल तर डिस्क तिथे लावून बघा, घाईने विकू नका.

ओरखड्यांचं, आधी बघा की खरंच ओरखडा आहे की बोटांचे तेलकट ठसे. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही. आणि शर्टाच्या टोकाने तर नाहीच.